मूस फॅक्टरीचं चर्च आणि ‘मिशनऱ्यांनी दिलेली’ शाळा

हट्टी_पेन्सिल:
परवा इथे मूस फॅक्टरीच्या सेंट थॉमस चर्चवर लेख आला. कॅनडात जेम्स बेजवळ, मूस नदीतलं बेट, क्री या तिथल्या मूळ रहिवाशांची वस्ती. फोटो झकास. पण मजकूर? “मिशनऱ्यांनी अडाणी लोकांना लिपी दिली, देव दिला, शाळा दिली.” शाळा! बिशप हॉर्डन या तिथल्या मिशनऱ्याच्या नावाची ती निवासी शाळा 1976 ला बंद झाली. अशा शाळांत पोरं आईबापांपासून तोडून आणायचे, आपली भाषा बोलली की शिक्षा. 1993 मध्ये कॅनडाच्या अँग्लिकन चर्चचे, म्हणजे हॉर्डनच्याच पंथाचे, प्रमुख मायकेल पीअर्स यांनी स्वतः माफी मागितली. ते माफी मागतात आणि आपले पर्यटक त्यांचे आभार मानतात!

भटकी_चप्पल:
लेख माझाच. ‘अडाणी’ शब्द चुकला, मागे घेतो. खूश? पण हॉर्डनला का झोडपता? माणूस 1893 ला गेला, शाळेला त्याचं नाव नंतर लागलं. 1851 ला तो तिथे आला, क्री शिकला. छापील पुस्तकं मागवली, तर लंडनहून छपाईयंत्र आणि कोरे कागद आले. शिकवायला कोणी नाही, तरी छपाईचे खिळे जुळवत बसला आणि क्री पुस्तकं छापली. असा माणूस भाषेचा वैरी?

हट्टी_पेन्सिल:
नाही म्हणत. पण देवळात क्री चालते आणि शाळेत त्याच क्रीसाठी मार बसतो, हे लेखात कुठे आहे? तुम्हाला चर्चच्या लाकडी जमिनीतली भोकं तेवढी दिसली.

मोडीवेडा:
लिपी ‘दिली’ यावर थांबा जरा. क्रीची लिपी अँग्लिकनांची नव्हेच. मेथडिस्ट या दुसऱ्या पंथाचा मिशनरी जेम्स इव्हान्स, कॅनडातलंच नॉर्वे हाऊस, 1840. चहाच्या खोक्यांच्या अस्तराचं शिसं वितळवून त्याने खिळे ओतले. आणि काही अभ्यासकांच्या मते त्याच्यासमोर देवनागरीचा नमुना होता! ‘प’ची टोकदार खूण बघा: टोक खाली ‘पे’, वर ‘पि’, उजवीकडे ‘पो’, डावीकडे ‘प’. आपलीच बाराखडी गरगर फिरवलेली!

शाईची_दौत:
झालं, आता क्री लिपीही आपण शोधली! पुष्पक विमानाचंही सांगून टाका. क्री लोक सांगतात की ही लिपी त्यांच्या कॉलिंग बॅजर नावाच्या पूर्वजाला आत्म्यांच्या लोकातून मिळाली. त्यांचं म्हणणं कोणी विचारायचं की नाही?

मोडीवेडा:
मी ‘काही अभ्यासक’ म्हटलं. वाचता येतं ना? लघुलिपीचाही प्रभाव आहे, तेही मान्य. पण अक्षराला स्वर चिकटून येतो ही कल्पना इंग्रजी वर्णमालेत कुठे आहे? दाखवा.

शाईची_दौत:
दाखवत नाही. कंटाळा आला.

काकू_नाशिकच्या:
विषयावर या. हॉर्डनला पाठवणारी चर्च मिशनरी सोसायटी आमच्याकडे शरणपूरलाही होती. माझी आजी मिशनच्या बोर्डिंगात वाढली. मराठीत शिकली, मराठीत प्रार्थना केली. मिशनरी म्हटलं की सगळे राक्षस ही तुमची लाट मला पटत नाही.

कोपऱ्यातला_बाक:
काकू, तुमच्या आजीचं चांगलं झालं. मी ज्या शाळेत गेलो (नाव नको) तिथे मराठी बोलल्यावर आठ आणे दंड होता. चाळीस वर्षं झाली, अजून इंग्रजी बोलताना तळहाताला घाम येतो.

हट्टी_पेन्सिल:
आठ आणे आणि अख्खं बालपण एकाच तराजूत? काहीही!

कोपऱ्यातला_बाक:
तुलना केली नाही. आठवलं म्हणून लिहिलं. इथे दुखलं हे सांगायलाही परवानगी लागते का?

हट्टी_पेन्सिल:
बरं, सॉरी.

भटकी_चप्पल:
भोकांना हसलात, तर ऐका. वसंतात नदीवरचा बर्फ फुटला की बेटावर पाणी चढतं. 1864 ला बांधायला घेतलेलं ते लाकडी चर्च तरंगत वाहून जाऊ नये म्हणून जमिनीला भोकं पाडून त्यांना बुचं लावली. पूर आला की बुचं काढायची, पाणी आत घ्यायचं. वेदीवरचं वस्त्र मूस या थोरल्या हरणाच्या कातड्याचं, त्यावर मण्यांचं काम, ते क्री बायकांनी केलेलं. माझी चूक हीच की ‘मिशनऱ्यांनी दिलं’ लिहिताना ते हात विसरलो. शाळेचा परिच्छेद उद्या घालतो. टोमणे मारणाऱ्यांनी तेव्हाही यावं.

काकू_नाशिकच्या:
घाला. आणि हॉर्डनचं छपाईयंत्र काढू नका.

मोडीवेडा:
ते सगळं ठीक, पण ‘क’ सुद्धा तसाच फिरतो. चित्र टाकू?

शाईची_दौत:
नको!!