आउटलुक ‘लोडिंग प्रोफाइल’पर्यंत येतं आणि बंद होतं. २०११ पासूनचे मेल आत आहेत

कोनबॉबिन:
नमस्कार. इचलकरंजीत आमची सूतदलालीची छोटी कचेरी आहे. काउंट, दर, किती बॅगा, पेमेंट किती दिवसांचं, सौद्याचं सगळं मेलवर ठरतं. शनिवारी संध्याकाळी लाईट गेली, यूपीएसनेही दम धरला नाही. सोमवारी आउटलुक २०१६ उघडायला गेले तर ‘लोडिंग प्रोफाइल’ची निळी पाटी अर्धा मिनिट दिसते आणि गायब. एरर नाही, काही नाही. कॉम्प्युटर तीनदा बंद-चालू केला.

खातं पॉपचं आहे. सर्व्हरवर काही उरत नाही, जे आहे ते याच मशीनमध्ये. शेजारचा मुलगा म्हणतो, ऑफिस काढून परत टाकू. माझी हिंमत होत नाही. गिरणीशी दरावरून वाद निघाला की जुना मेल हाच आमचा साक्षीदार असतो, आणि आत्ताही एका यंत्रमागवाल्याचं पेमेंट अशाच एका मेलवर अडलंय.

रात्रपाळी:
ताई, काढून टाकायची घाई नको. बिघाड सेटिंगमध्ये असेल तर परत टाकूनही तो तसाच राहतो.
आधी टास्क मॅनेजर उघडा. खिडकी दिसत नसली तरी आउटलुक मागे चालू असू शकतं, ते तिथून बंद करा. मग कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि आयकॉनवर डबल क्लिक करा. सेफ मोडमध्ये (म्हणजे जादा जोडण्या बंद ठेवून) उघडू का, असं विचारेल. हो म्हणा. प्रोफाइल विचारलं तर ओके. असं उघडलं तर मेलची फाईल बहुतेक शाबूत आहे आणि दोष एखाद्या अ‍ॅड-इनचा, म्हणजे आउटलुकला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा आहे.

माजघर:
त्याच्याही आधी कॉपी घ्या. डॉक्युमेंट्समध्ये ‘आउटलुक फाइल्स’ नावाचा फोल्डर असतो, त्यातली पीएसटी फाईल, सगळे मेल तिच्यातच असतात. आउटलुक पूर्ण बंद असतानाच घ्या. मामांच्या मशीनवर मी कॉपी न घेता दुरुस्तीला बसलो होतो. काही मेल परत आलेच नाहीत, आणि ती चूक माझीच होती.

कोनबॉबिन:
कॉपी होत नाहीये. फाईल १९ जीबीची, पेनड्राइव्ह ३२ चा आणि पूर्ण रिकामा, तरी ‘फाईल फार मोठी आहे’ म्हणतो.

रात्रपाळी:
पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यावर ४ जीबीच्या वरची एक अख्खी फाईल बसतच नाही, जागा कितीही असो. त्यावर राइट क्लिक करून फॉरमॅट घ्या आणि एक्सफॅट निवडा. आतलं सगळं पुसलं जातं, पण तुमचा रिकामाच आहे.

कोनबॉबिन:
कॉपी झाली, पाऊण तास लागला. मग कंट्रोल दाबून उघडलं आणि उघडलं हो! शनिवारचा शेवटचा मेलसुद्धा जागेवर आहे. हात थरथरत होते माझे.

पुढचं लिहून ठेवते, कोणाला तरी लागेल. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स. तिथे अगदी खाली कॉम अ‍ॅड-इन्स निवडून ‘गो’. सहा टिक होत्या, सगळ्या काढल्या. नेहमीसारखं उघडून पाहिलं, उघडलं. मग एकेक टिक परत लावायची, बंद करायचं, उघडायचं. चौथीला पुन्हा तेच. मेलची पीडीएफ करून देणारं एक अ‍ॅड-इन, आमच्यात कोणी कधी वापरलेलंही नाही. लाईट गेली तेव्हा त्याचं अपडेट चालू असावं, असा माझा अंदाज. कायमचं काढलं.

माजघर:
छान झालं. आता आउटलुक बंद करून स्कॅनपीएसटी, म्हणजे मेलची फाईल तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, एकदा चालवा. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाईलमध्ये बारीकसारीक दोष राहतात. ऑफिस१६ नावाच्या फोल्डरमध्ये सापडेल. दुरुस्तीआधी बॅकअपची टिक राहू द्या. आणि खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सर्व्हरवर कॉपी ठेवा’ हे चालू करा. यापुढचे मेल तरी दोन ठिकाणी राहतील.

कोनबॉबिन:
दोन्ही केलं. किरकोळ दोष निघाले, दुरुस्त झाले. तो मेल प्रिंट काढून यंत्रमागवाल्याच्या हातात दिलाय. यूपीएसची बॅटरी उद्या बदलते.