लिंबूटिंबू, राज्य, भोज्जा : अर्थ काय, आणि आता कोण वापरतं?

बोरकूट
परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं पकडापकडी खेळत होती. माझा भाचा पाच वर्षांचा, तो खांबाला टेकून नुसता बघत उभा. मी गॅलरीतून ओरडले, "अरे, त्याला लिंबूटिंबूत घ्या की!" सगळ्यांनी माना वर केल्या. त्यातली मोठी मुलगी, सातवीतली, घर अस्सल मराठी, म्हणाली, "मावशी, लिंबू कशाला?"

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाही. कोशात लिहायचा झाला तर मी असा लिहीन : 'खेळात घेतलेला, पण ज्याच्यावर राज्य येत नाही असा लहान भिडू.' याला विभक्ती लागते ती बहुतेक '-त' एवढीच. लिंबूटिंबूत घेणे, लिंबूटिंबूत धरणे. तुमच्याकडे काय म्हणत? आणि ज्याने सगळ्यांच्या मागे ऊर फुटेस्तोवर पळायचं, त्याच्यावर 'राज्य' आलं असं का म्हणायचं?

फुटकी ठिकरी
आमच्याकडं 'कच्चं लिंबू'ही म्हणत. 'टिंबू'ला वेगळा अर्थ नाही, नुसता नादासाठी आलाय. 'लुटुपुटु'सारखा. आणि गंमत बघा, 'लुटुपुटुची लढाई' हाही खेळातलाच शब्द.

पण अर्थ सरकलाय, तो कोशात नोंदवा. क्रिकेटच्या बातम्यांत दुबळ्या संघाला 'लिंबूटिंबू संघ' म्हणतात. तिथं तो सरळ हिणवणारा शब्द आहे. अंगणात त्याचा अर्थ 'याला सांभाळून घ्या' असा होता, पेपरात 'याला कोण विचारतंय' असा झाला.

वऱ्हाडी ठेचा
आमच्या इकडे 'राज्य' नव्हतंच. 'दाम' असायचा. "आता तुह्यावर दाम!" पुण्यात शिकायला आलो तेव्हा होस्टेलच्या मागे पोरं ओरडत होती, "राज्य कोणावर, राज्य कोणावर?" मला वाटलं निवडणुकीची नाटकं चाललीत.

कुणावर दाम हे ठरवायचं कसं, ते मात्र सगळीकडे सारखं. तिघांनी हात एकावर एक धरून झटक्यात सोडायचे, कुणाचा तळवा वर, कुणाचा खाली. वेगळा पडला तो सुटला. याला पुण्यात 'चकणं' म्हणतात. आता यालाही पोरं काही वेगळं म्हणतात काय?

खांबावरचा सूर
मी बावीस वर्षं खो-खो शिकवतोय, म्हणून थोडं उलटं बोलतो. शब्द गेले म्हणून खेळ गेले असं नाही. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधायला घेतले. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला विश्वचषक झाला, आपली पोरं आणि पोरी दोघंही जिंकले. खेळ वाढला की शब्दही वाढतात. २०२२ला खो-खोची लीग सुरू झाली तेव्हा 'वजीर' नावाचा खास गडी आला. आक्रमणात वजिराला कुठल्याही दिशेने पळायची मुभा, बाकीच्यांना दिशा बदलता येत नाही. हवेत झेपावून गडी बाद केला की बातमीदार 'आकाशीय सूर' लिहितात. हे काय कमी मराठी आहे?

पण एक कबूल करतो. आमच्या नियमावलीत लिंबूटिंबू नाही, बसूही शकत नाही. सात वर्षांचं पोर मैदानावर आलं की मी त्याला लहान गटात टाकतो. टाकावंच लागतं. साठ किलोचा पोरगा खांबावर सूर मारतो तेव्हा खाली चिमुरडं असून चालत नाही. त्यामुळे मोठ्याने लहानाला पाहून स्वतःचा वेग कमी करायचा, हा प्रकार माझ्या मैदानावर दिसत नाही. गल्लीत दिसायचा. तिथे शिट्टी कुणाकडे नव्हती, म्हणून शब्द लागायचे.

सागरगोटी
लिंबूटिंबूचे फार गोडवे गाऊ नका बरं. मी चार वर्षं लिंबूटिंबू होते. वाड्यात सगळ्यांत धाकटी. मला शिवलं तरी कुणी 'बाद' म्हणायचं नाही. डबा ऐसपैसमध्ये मी पिंपामागे लपायचे आणि ज्याच्यावर राज्य असे तो मला बघून न बघितल्यासारखं करून पुढे जायचा. त्याहून मोठा अपमान नाही.

एका मे महिन्यात, रात्री जेवणं झाल्यावर, आमचा थोरला दादा म्हणाला, "आज हिच्यावरपण राज्य." डब्यात खडे होते, वाजायचा खडखड. कुणीतरी तो लांब भिरकावला, मी अंधारात रडत-पडत आणून वर्तुळात ठेवला. एकालाही पकडू शकले नाही, सारखा मागून धप्पा. तरी घरी जाऊन आईला पहिलं काय सांगितलं असेल, तर "आज माझ्यावर राज्य आलं!" बोरकूट, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे. व्युत्पत्ती वगैरे मला कळत नाही. दमछाक होती, पण ते राज्यच होतं. त्या दिवसापासून माझं बाद होणं खरं धरलं जाऊ लागलं.

फुटकी ठिकरी
सागरगोटीताई, हे कोशात घ्यायला हवं! लिंबूटिंबू ही जात नाही, मुदत आहे. 'राज्य येईपर्यंतचा भिडू.' बातमीदारांच्या वापरात ही मुदतच गळून पडलीय.

परदेशी भोवरा
मी लेस्टरला असतो, इंग्लंडात. सुट्टीत मुंबईला आलो तर पुतणी म्हणाली, "काका, तुझ्यावर डेन." तिची मैत्रीण 'डेनर' म्हणते. इंग्रजी शाळांतून आलाय हे उघड आहे. पण इथली जुनी माणसं शिवाशिवीत 'डेन' म्हणतात ते सुरक्षित जागेला, जिथे हात टेकला की कुणी शिवू शकत नाही. म्हणजे आपला भोज्जा! आपल्या पोरांनी इंग्रजांचा भोज्जा उचलला आणि राज्य असणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. आणि खुद्द भोज्जाला आता काय म्हणतात, असं विचारलं तर पुतणी म्हणाली, "तसं काही नसतं." पार्किंगमध्ये सगळीकडे गाड्या. हात टेकला की अलार्म वाजतो. भोज्जा करणार कशाला?

वऱ्हाडी ठेचा
अलार्मवाला मुद्दा पटला. आमच्या अपार्टमेंटात तर पाटीच आहे, 'आवारात चेंडू खेळण्यास सक्त मनाई'. खाली सेक्रेटरीची सही. पोरं मग वर बसून मोबाईलवर खेळतात आणि आपण म्हणतो मोबाईलने बिघडली.

गल आणि विटी
थोडं अवांतर. विटीदांडूतले वकट, लेंड, मूंड, नाल कुणाला आठवतात? कधी पायाच्या पंजावरून, कधी मुठीवरून, कधी डोळ्यावरून विटी टोलवायची. हे सरळ तेलुगू आकडे आहेत : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. पुढचे आकडे गावोगाव इतके बदलतात की त्यावरून भांडणं होतील, म्हणून इथेच थांबतो. एकही तेलुगू माणूस न पाहिलेली पोरं तेलुगूत मोजत होती. हे कुठल्या मास्तरांनी शिकवलं नाही, मोठ्या पोरांकडून धाकट्यांकडे उतरत आलं. मोठी आणि धाकटी एका अंगणात खेळेनाशी झाली की ही शिडी तुटते.

'कोलणे'ही तिथलाच. गलीवर, म्हणजे जमिनीतल्या खाचेवर, आडवी ठेवलेली विटी दांडूने उडवायची ते कोलणं. आज "बॉस मला कोलत नाही" म्हणणाऱ्या कितीजणांनी विटी कोललीय?

खांबावरचा सूर
माझ्या मुलाला तुमचा धागा वाचून दाखवला. तो चौदाचा आहे, फोनवर बंदुकांचा खेळ खेळतो. विचारलं, तुमच्यात कच्च्या गड्याला काय म्हणता? म्हणाला, "नूब. किंवा बॉट." बॉट म्हणजे खेळात भिडू कमी पडले की कंपनीच यंत्राकडून खेळवते तो खोटा गडी. मी म्हटलं, मग त्या बॉटला मारू नका अशी काही पद्धत? तो माझ्याकडे बघतच राहिला. "बाबा, बॉट असतातच मारायला."

सागरगोटी
त्याच्यावर चिडू नका हो सर. तिथे समोरच्याचं रडवेलं तोंड दिसत नाही. आमच्या दादाला माझं दिसत होतं.

बोरकूट
सगळ्यांचे आभार. ताजी खबर देते. काल संध्याकाळी पोरं परत खेळत होती आणि या वेळी भाचा आत होता. मी काहीच बोलले नाही, नुसती ऐकत होते. सातवीतल्या त्याच मुलीने जाहीर केलं, "सगळ्यांना एक लाइफ, याला तीन." कुणी कुरकूर केली नाही. म्हणजे कल्पना शाबूत आहे, शब्द तेवढा मोबाईलमधून आणलाय. फरक एवढाच की डाव चालू असेपर्यंत लिंबूटिंबू संपत नसे आणि लाइफ मोजून मिळते.

पहिली गेली, दुसरी गेली. तिसरी गेली तेव्हा तो तसाच मध्ये उभा राहिला, कुणाकडेही न बघता. ती मुलगी त्याच्याजवळ जाऊन काहीतरी म्हणाली. तेवढ्यात बी विंगमधल्यांची गाडी आत आली आणि पोरं भिंतीला चिकटली, त्यामुळे चौथी दिली की नाही ते मला वरून कळलं नाही.