लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया : शेवटचा उपाय की वेळीच करायचा उपचार?

मुक्तछंद
तीव्र लठ्ठपणात शस्त्रक्रियेला ‘शेवटचा उपाय’ म्हणत ती वर्षानुवर्षे लांबवणे रुग्णाच्या हिताचे नाही, असे माझे मत आहे. १९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार शस्त्रक्रियेसाठी बीएमआय (किलोंमधील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) किमान ४०, किंवा गंभीर सहव्याधी (मधुमेहासारखा सोबतचा आजार) असल्यास ३५, असावा लागे. २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी सहव्याधी नसतानाही ३५ पासून शस्त्रक्रियेची शिफारस केली. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुरू असलेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यू कमी आढळले. शिवाय, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तीस दिवसांतील मृत्यूचा धोका आता हजारात एक ते तीन इतकाच उरला आहे.

कोरा कागद
तीस दिवसांचा हिशेब मांडून हा प्रश्न सुटत नाही. शिवाय स्वीडनच्या त्या अभ्यासात रुग्णांची विभागणी यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखी) नव्हती आणि बहुतेकांवर आज मागे पडलेली पद्धत वापरली गेली होती, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

जठर अरुंद नळीसारखे करणाऱ्या स्लीव्ह पद्धतीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो. स्टेपलरच्या टाक्यांतून गळती झाली, तर ताप येण्याआधी केवळ नाडी जलद होते आणि नेमके तेच लक्षण नजरेतून सुटू शकते. पुढे अनेकांना आम्लाची जळजळ कायमची जडते. जठराचा छोटा भाग थेट आतड्याला जोडणाऱ्या बायपासनंतर लोह, कॅल्शियम आणि बी-१२ यांची कमतरता आयुष्यभर सांभाळावी लागते, धूम्रपान सुरू राहिल्यास जोडावर व्रण होतो, आणि वजन उतरल्यावर, कधी कधी काही वर्षांनीही, आतड्याचा वेढा पोटातल्याच फटीत अडकू शकतो. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णाला थायमिन (जीवनसत्त्व बी-१) वेळेवर मिळाले नाही, तर मेंदूला इजा होऊ शकते. ही गुंतागुंत टाळता येण्याजोगी असल्यानेच अधिक अक्षम्य वाटते.

मुक्तछंद
आपण सांगितलेले धोके खरे आहेत; परंतु त्यांतील बरेचसे पाठपुराव्याच्या अभावातून उद्भवतात. मधुमेह, झोपेतील श्वासरोध आणि हृदयविकार यांच्यासह शस्त्रक्रियेविना जगणे हीदेखील गुंतागुंतच आहे, फक्त तिचा दोष कोणत्याही शल्यचिकित्सकाच्या माथी येत नाही. सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी औषधे उपयुक्त असली, तरी ती थांबवल्यावर वजन बहुतांशी परत येते.

दक्षिणवारा
दोघांनीही मनाचा विचार केलेला नाही. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर चढते आणि काही रुग्णांत व्यसनाचे तसेच स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण वाढल्याचे अभ्यासांत दिसले आहे. आहारतज्ज्ञाइतकाच मानसोपचारतज्ज्ञही पुढची काही वर्षे सोबत असायला हवा.

कोरा कागद
तसे असेल, तर जिथे दरवर्षी रक्ततपासणी होण्याची आणि रात्री-अपरात्री पोटदुखीने आलेल्या रुग्णाचे निदान करणारे कोणी असण्याची खात्री नाही, तिथे शस्त्रक्रिया करूच नये.

मुक्तछंद
ती अट मला मान्य नाही. अशी खात्री नसलेल्या रुग्णांनाच आजाराचा फटकाही सर्वाधिक बसतो. त्यांना शस्त्रक्रिया नाकारण्यापेक्षा, पाठपुरावा हा तिचाच भाग मानून त्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्या केंद्रावर टाकावी.