अनुभव धागा : बोटी पाण्याबाहेर, गप्पा मात्र समुद्राच्या

इंग्लंडात ऑक्टोबर लागला की शिडाच्या बोटी क्रेननं उचलून काठावर ठेवतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच. मग यॉट क्लबात संध्याकाळी पडदा लागतो आणि कोणीतरी महासागर ओलांडून आलेला बोलायला उभा राहतो. अशी भाषणं ऐकली असतील तर लिहा. फोटोंची वर्णनं नकोत, डोक्यात काय राहिलं ते सांगा.

साउदॅम्प्टनहून
आमच्या क्लबात एक निवृत्त जोडपं आलं होतं. कॅनरी बेटं ते कॅरिबियन, साधारण २,७०० सागरी मैल. चक्रीवादळांचा मोसम सरल्यावर, नोव्हेंबरअखेरीस निघायचं. जुन्या खलाशांचा सल्ला : लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग उजवीकडे वळा. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे मागून ढकलतात. नवरा वाऱ्यांवर बोलला, पण सभा जिंकली बाईंनी. खाण्याच्या डब्यांवरची कागदी लेबलं निघताना सोलून टाकायची, कारण बोटीच्या तळात पाणी साचलं की ती सुटतात आणि पंपात अडकतात. नावं मार्करनं डब्यावरच लिहायची. अंडी दर दोन दिवसांनी उलटी करायची. केळ्यांचा घड मात्र एकाच दिवशी पिकला, मग सकाळ-संध्याकाळ केळी! प्रश्नोत्तरांत वादळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

लंडनहून
मी मुंबईचा म्हटल्यावर शेजारचे आजोबा खुर्ची सरकवून जवळच आले. ‘सुहेली तुमच्याच गावची!’ ब्रिटिश खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता ज्या बोटीनं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली. ३१२ दिवस! वाटेत पाण्याखालच्या फळ्यांच्या सांध्यातून गळती लागली, तर पठ्ठ्यानं भर समुद्रात बुडी मारून फटी बुजवल्या. आजोबांना सगळं पाठ होतं. पण ती बांधणारे सुतार कोण, हे त्या सभेत कोणी विचारलं नाही. ते मला अजून खटकतं.

पुण्याहून
मग नौदलातल्या दिलीप दोंदे यांची ‘म्हादेई’ बोटही घ्या की. गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, ५६ फुटी. २००९-१० मध्ये तिच्यावरून एकट्यानं जगप्रदक्षिणा करणारे दोंदे पहिले भारतीय. त्यांना मार्गदर्शन कोणाचं? नॉक्स-जॉन्स्टन यांचंच. पुढे याच बोटीवर नौदलातल्याच अभिलाष टॉमींनी एकट्यानं २०१२-१३ मध्ये विनाथांबा फेरी केली. आमच्याकडे या विषयावर एका नौदल अधिकाऱ्याचं भाषण झालं. शेवटी एका काकूंनी विचारलं, ‘घरच्यांनी सोडलं कसं?’ सगळे हसले. मला तरी तो त्या संध्याकाळचा सगळ्यात खरा प्रश्न वाटला.

अलिबागहून
दादा, इथे हिवाळ्यात कोण गप्पा ऐकत बसेल? ऑक्टोबर ते मे तर शिडं उभारायचे दिवस. मुंबईच्या यॉट्स पावसाळ्यात बाहेर निघतात. मासेमारीही १ जून ते ३१ जुलै बंद, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या. तेव्हा जाळी दुरुस्त करताना तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, जे सांगतात ते ऐकायला या. कुठल्या खडकावर कोणाचं जाळं फाटलं, कुठल्या वाऱ्यात किती जण परत आले नाहीत. सगळं तारखेनिशी नाही, तिथीनिशी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ पासून आहे म्हणतात. तिथे एखाद्या तांडेलाला बोलावून शाल-श्रीफळ नको, तासभर माइक द्या.

एडिंबरोहून
आमच्याकडच्या वक्त्याला मी विचारलं, बोटीवर एकटे असताना झोपता कसे? म्हणाले, जहाजांच्या वाटेवर असलो की वीस मिनिटांचा गजर, उठून चहूकडे नजर, पुन्हा वीस मिनिटं. घरी आल्यावरही म्हणे महिनाभर तेच चाललं. बायकोनं वैतागून गजराचं घड्याळ लपवलं, तरी हे उठायचे आणि खिडकीतून गल्लीत जहाज आहे का बघायचे.