प्राग: युरो, ट्राम आणि किल्ला

आई-बाबांना घेऊन प्रागला निघाला आहात आणि फक्त युरो नेले तर चालतील का, असं विचारलंय, म्हणून लिहिते. चेक प्रजासत्ताकात शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) चालतो, पण चलन कोरुना. काही दुकानं युरो घेतात, मात्र दर त्यांच्या सोयीचा. रस्त्यात थांबवून नोटा बदलून देणाऱ्या माणसाच्या नादी अजिबात लागू नका. 'कमिशन नाही' अशा पाटीवरही जाऊ नका, हातात नेमके किती कोरुना पडणार ते आधी विचारा. चलन बदलण्याच्या अधिकृत केंद्रात फसल्यासारखं वाटलं तर १,००० युरोपर्यंतचा व्यवहार ३ तासांच्या आत रद्द करता येतो, तेव्हा पावती जपून ठेवा. एटीएमवर 'रुपयांत रूपांतर करू का' असं आलं तर नकार द्या.

आई-बाबांच्या गुडघ्यांसाठी एक कळकळीची सूचना: प्रागचा किल्ला टेकडीवर आहे, तो खालून चढू नका. २२ नंबरच्या ट्रामने थेट वरच्या पोहोर्जेलेत्स थांब्यावर उतरा. तिथून स्ट्राहोव्ह मठ, लोरेटा हे तीर्थस्थान, मग किल्ला आणि शेवटी चार्ल्स पूल, जवळजवळ सगळा उतारच. कागदी तिकिटावर पिवळ्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. याच ट्राममध्ये पाकीटमारांपासूनही जपा.

रविवारी सकाळी किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल प्रार्थनेमुळे पर्यटकांना बंद असतं आणि ज्यू वस्तीतली संग्रहालयं शनिवारी. दिवस त्याप्रमाणे ठरवा. दगडी फरसबंदीवर चालायचंय, तेव्हा दोघांनाही चांगले बूट घेऊन द्याच.