एकट्याने हरिश्चंद्रगड : बिबट्या, मोहोळ आणि साप यांपासून काळजी कशी घ्यावी?

कातळवाट : नमस्कार. येत्या डिसेंबरात खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड एकट्याने चढायचा विचार आहे. ही वाट मी चार-पाच वेळा केली आहे, पण दर वेळी सोबत होती. पहाटे साडेपाचला खिंडीतल्या व्याघ्रशिल्पापाशी पोहोचायचा बेत आहे. मात्र जुन्नर तालुक्यातल्या बिबट्यांच्या बातम्यांनी घरची मंडळी धास्तावली आहेत आणि माझेही मन कचरते आहे. काठी, विजेरी, शिट्टी घेणारच आहे. आणखी काय करावे?

देवराई : सर्वप्रथम वेळ बदला, ही विनंती. जुन्नर भागातले बरेच बिबटे उसातच वाढलेले आहेत, त्यामुळे गडापेक्षा पायथ्याची शेते आणि तिथला अंधारातला रस्ता यांचीच मला अधिक काळजी वाटते. चांगले उजाडल्याशिवाय गाव सोडू नका. बूट बांधायला किंवा पाणी भरायला वाकण्यापूर्वी चहूकडे नजर टाका, कारण वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा भासू शकतो. तो समोर आलाच तर पळू नका. ताठ उभे राहून पाठपिशवी डोक्यावर धरा, मोठ्याने ओरडा आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरका. पिल्ले दिसली तर आल्या पावली परता.

घाटमाथा : बिबट्याविषयी वरील सल्ला योग्यच आहे, पण गडकिल्ल्यांवर मला खरी धास्ती वाटते ती आग्या मोहोळाची. दोन वर्षांपूर्वी एका किल्ल्यावर कोणीतरी कड्याखाली चूल पेटवली आणि धूर कपारीतल्या पोळ्यापर्यंत गेला. पोळ्यावरून एक काळसर लाट सरसर सरकली, पुन्हा सरकली. माश्या बिथरल्याची ती खूण होती, आणि आम्ही ती ओळखून निघालो म्हणूनच वाचलो. मागे राहिलेल्या एका मुलाला मात्र इतके डंख झाले की त्याला उचलून खाली आणावे लागले. म्हणून अत्तर लावू नका, पोळ्याजवळ आवाज करू नका आणि अंगभर कपडे घाला. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड-डोके कापडाने झाकून थेट दूर पळा. एक माशी चावली की तिच्या डंखाच्या वासाने इतर माश्याही तिथेच धाव घेतात, त्यामुळे थांबून काटे काढत बसू नका. लांब गेल्यावर ते लगेच खरवडून काढा. बिबट्यापुढे पळायचे नाही आणि मधमाश्यांपुढे थांबायचे नाही, एवढा फरक घरच्यांनाही समजावून सांगा.

वनचर : सापांबाबत थोडेसे. कातळावर हात टेकण्याआधी काठीने चाचपा; फुरसे हा विषारी साप बऱ्याचदा दगडाखाली असतो. दंश झाल्यास आवळून बांधू नका, चिरा देऊ नका, अवयव शक्य तितका स्थिर ठेवा आणि १०८ ला कळवा. प्रतिविष रुग्णालयातच मिळते. मात्र वाटेत फोनला रेंज मिळेलच असे नाही. एकट्याची खरी अडचण हीच आहे.

कातळवाट : सर्वांचे मनापासून आभार. आता सात वाजता, उजाडल्यावर निघेन. खिरेश्वरला ज्यांच्या घरी मुक्काम आहे त्या मामांना वाट आणि उतरण्याची वेळ सांगून ठेवीन; दुपारी चारपर्यंत परतलो नाही तर ते गावातली दोन माणसे वर पाठवतील. वनविभागाचा १९२६ हा क्रमांकही त्यांच्याकडे लिहून देतो.