मदत हवी आहे: थंडीत मटकीला मोड येत नाहीत, उलट वास येतो

मंडळी, महिनाअखेरीस वाण्याकडच्या सामानावरच भागवायचं तर मटकीसारखं काही नाही. पाव किलो कोरड्या मटकीत पाच-सहा जणांची मिसळ होते. पण नाशिकच्या या गारठ्यात मोडांचं गणित बिघडतंय.

सध्याची पद्धत: मटकी निवडून, दोनदा धुऊन, तिप्पट कोमट पाण्यात 10 तास भिजवणं, मग निथळून सुती फडक्यात बांधून डब्यात. उन्हाळ्यात 12 तासांत बोटाच्या पेराएवढे मोड येतात. आता 24 तासांनीही नुसतं टोक दिसतं आणि तळाची मटकी बुळबुळीत होते. तळाशी पाणी साचतं, हवा लागत नाही, हे कारण उघड आहे. म्हणून चाळणीत निथळून पुरचुंडी सैल बांधली, पण मग वरची मटकी सुकते.

निफाड-सिन्नरकडच्या थंडीत तुम्ही ऊब कशी देता? पिठाच्या डब्यात, घोंगडीत की गरम पाण्याच्या पातेल्यावर? मधे पाणी शिंपडता का, किती वेळाने?

आणि गणंग! कडक सालीमुळे ते पाणीच पीत नाहीत, शिजतही नाहीत आणि थेट दाताखाली येतात. भिजल्यावर ते वेगळे काढायची सोपी युक्ती कुणाकडे आहे?